मेहुण्याचा स्टॉल

"अहो, त्याने स्टॉल बसवलाय म्हणे. अडतीसशेचा!" अमेरिकेचा फोन खाली ठेवत आमच्या हिने बातमी दिली, आणि खोटं कशाला सांगू, माझा ऊर भरून आला. माझा मेहुणा डेट्रॉइटच्या बाजूला एका मोटार कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो. मराठी माणूस नोकरीची चाकोरी सोडून अखेर धंद्यात पडला, तोही परमुलखात, हे ऐकून कुठल्या बँक कर्मचाऱ्याला गहिवरून येणार नाही? मी मनातल्या मनात डॉलरचे रुपये केले. भांडवल जरा कमी वाटलं, पण वडापावला असं लागतं काय? एक कढई आणि थोडा निर्लज्जपणा.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये साठवलेली सगळी रजा खर्चून आम्ही उभयता तिकडे गेलो, तेव्हा विमानतळापासून घरापर्यंत मी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाटी शोधत होतो. घरी पोचल्यावर मेहुण्याने चहासुद्धा न विचारता गॅरेजचं दार वर केलं. आत १९७२ सालची शेव्हरोले नोव्हा उभी. वयाने माझ्यापेक्षा मोठी आणि अंगावर एक सुरकुती नाही.

"ही बघा भाऊजी!"

"छान आहे. आणि स्टॉल कुठाय?"

"आत आहे ना. इंजिन आणि गियरबॉक्सच्या मध्ये."

वडापाव तिथेच गार झाला.

हा स्टॉल म्हणजे काय, ते तीन आठवड्यांत मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. मी बी.कॉम. आहे. पण व्याज आणि टॉर्क या दोन्ही गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत आणि दोन्हींची झळ मात्र बसते, त्यामुळे फार जड गेलं नाही. ज्या गाडीत क्लचचं पेडल नसतं आणि गियर आपोआप पडतात, अशा गाडीत इंजिन आणि गियरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचा एक बंद डबा असतो, लग्नघरातल्या मध्यम पातेल्याएवढा. तो तेलाने भरलेला. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा; त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरायला लागतो. वाऱ्याच्या जागी तेल घाला की झालं. इंजिनाकडचा पंखा तो इम्पेलर, गियरबॉक्सकडचा तो टर्बाइन. दोघांच्या मध्ये स्टेटर म्हणून तिसरा छोटा पंखा असतो आणि खरं कसब त्याचं. टर्बाइनला धडकून परतणारं तेल उलट दिशेने येतं, म्हणजे इम्पेलरच्या कामात खोळंबाच. स्टेटर ते वळवून सरळ मार्गाला लावतो. आमच्या शाखेतला शिपाई चुकीच्या खिडकीवरून परतलेल्या माणसाला दंडाला धरून योग्य खिडकीशी उभा करतो, अगदी तसंच. त्यामुळे गाडी जागची हलताना इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, सुमारे दुपटीने वाढून पुढे जातो. हेर्मान फॉटिंगर या जर्मन इंजिनियरने १९०५ मध्ये ही कल्पना काढली ती बोटींसाठी. अमेरिकन मोटारींत ती गाजली १९४८ साली, ब्यूकच्या डायनाफ्लोमुळे, आणि तेव्हा तिचं कौतुक होतं ते गाडी लोण्यासारखी सुटते, पोटातलं पाणी हलत नाही, म्हणून. पुढे पोरांनी तीच वस्तू पोटातलं पाणी हलवायला वापरली.

तर आता टर्बाइन जागचं हलूच द्यायचं नाही आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. इंजिन चढत चढत एका आकड्याशी येऊन अडकतं. तेल त्याला पुढे जाऊ देत नाही. मिनिटाला जितक्या फेऱ्यांवर ते अडकलं, तो स्टॉल स्पीड. त्या काळच्या साध्या गाडीत कारखान्यातून येताना तो दोन हजारांच्या आतबाहेर असायचा. शर्यतीच्या शौकिनांना तो वाढवून हवा असतो, आणि कारण रास्त आहे: इंजिनाची ताकद वरच्या फेऱ्यांत असते. डबा आकाराने लहान केला, पात्यांचे कोन बदलले, की तेलाची पकड ढिली होते, इंजिन आधी वर चढतं आणि मग गाडी उसळी घेते. आपल्या बिनगियरच्या स्कूटरची मूठ पिळली की आधी इंजिन ओरडतं आणि मग क्लच पकडतो, त्यातलाच हा प्रकार म्हणा.

मेहुण्याची गाडी 'स्ट्रीट अँड स्ट्रिप' या जातीची. म्हणजे एकच गाडी रोज रस्त्यावर चालवायची आणि एखाद्या रात्री ड्रॅग स्ट्रिपवर नेऊन पाव मैल, ४०२ मीटर, नाकासमोर पळवायची. त्या मुलखाचा हा जुना नाद आहे. डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर १९६० च्या दशकात पोरं एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत शर्यती लावायची. १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये त्याच रस्त्यावर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. आम्हीही ती पाहिली. हिने विचारलं, "या सगळ्या गाड्या चालल्यात कुठे?" कुठेच नाही, हे उत्तर तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

पण 'स्ट्रीट' हा शब्द आमच्या मेहुण्याच्या घरात नुसता शब्द नव्हता, करार होता. नेहमीची शहाणी गाडी विकून ही नोव्हा घेताना त्याने बायकोला सांगितलं होतं, "ही ऑफिसलाही जाईल, दूध-भाजीलाही जाईल आणि वर्षातून चार वेळा माझी हौसही भागवेल." त्या अटीवर संमती मिळालेली. कर्जाच्या कागदावर जामीनदार म्हणून सही कोणाची आहे, हे मी सवयीने आधी बघतो. इथे सही मेहुण्याच्या बायकोची होती.

आणि हप्ता तीच भरत होती. आम्ही जायच्या महिनाभर आधीची गोष्ट. जुलैच्या उन्हात, रस्त्याच्या कामामुळे तुंबलेल्या रांगेत, मागच्या सीटवर चार वर्षांचा मुलगा, आणि गाडीतून करपल्याचा वास यायला लागला. ती बिचारी गाडी कडेला घेऊन तासभर उन्हात उभी. गियरबॉक्सचं तेल मुळात लालभडक असतं, ते काळपट तपकिरी होऊन आलं. तिने नवऱ्याला फोन केला तर त्याने पहिला प्रश्न काय विचारला? "टॅकोमीटर किती दाखवत होता?"

ही गोष्ट तिने मला जेवणाच्या टेबलावर अगदी शांतपणे सांगितली. आमच्या काउंटरवर आरडाओरडा करणाऱ्या खातेदाराला मी भीत नाही. शांतपणे बोलणाऱ्याला भितो.

"पण भाऊजी, अडतीसशेचा आहे!" मेहुणा म्हणाला. जणू या एका वाक्याने तेल पुन्हा लाल होणार होतं.

इथून माझं भांडण सुरू होतं, आणि ते एकट्या मेहुण्याशी नाही. त्याच्या गॅरेजमध्ये दर गुरुवारी जमणाऱ्या त्या सगळ्या मंडळींशी आहे, जी एकमेकांची ओळख करून देताना नावाआधी स्टॉलचा आकडा सांगतात. हा बत्तीसशेवाला, तो चार हजारवाला. चार हजारवाला खुर्चीत बसतो, बत्तीसशेवाला टायरवर. माझं म्हणणं एवढंच आहे की तो आकडा त्या डब्याचा नसतोच.

हे मला कळलं त्याचं श्रेय माझ्या हुशारीला नाही, मूर्खपणाला आहे. लग्नानंतर मी स्कूटर घेतली, हप्त्याने. आमच्या बँकेतून नव्हे. दुकानातल्या टेबलापाशी एक गोड बोलणारा तरुण बसला होता त्याच्याकडून. "फक्त ७ टक्के, साहेब!" छत्तीस हजार, तीन वर्षं, महिना १२१० रुपये. बँकेत याच विषयावर पगार घेणारा मी, 'सात' या आकड्याला भुलून सही करून आलो. तो सात टक्के 'फ्लॅट' होता. म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज शेवटपर्यंत पहिल्या दिवसाच्या छत्तीस हजारांवर. घरी येऊन हिशेब मांडला तर खरा दर पावणेतेराच्याही वर. आकडा खोटा नव्हता हो. आकडा अर्धा होता.

स्टॉलचंही तेच. कन्व्हर्टर स्वतः काही ठरवत नाही. मागून इंजिन किती जोराने ढकलतं त्यावर तो कुठे अडकणार ते ठरतं. आणि त्याला नियम आहे: स्टॉल टॉर्कच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चालतो. मी मेहुण्याकडून त्या वस्तूसोबत आलेला कागद मागवला. चष्मा लावून तळाशी गेलो. (कागद नेहमी तळापासून वाचावा, हे माझं मत स्कूटरनंतरचं.) तिथे मुंगीच्या अक्षरांत लिहिलेलं होतं की हा ३८०० चा आकडा ४५० पौंड-फूट टॉर्क देणाऱ्या इंजिनामागचा आहे.

"तुझ्या इंजिनाचा टॉर्क किती?"

"असेल की साडेचारशे."

"मोजलाय?"

मग खालच्या आवाजात ३२० वर तडजोड झाली. ३२० भागिले ४५०, त्याचं वर्गमूळ ०.८४, गुणिले ३८००. म्हणजे बत्तीसशे. गुरुवारच्या मंडळींत मेहुणा खुर्चीवरून टायरवर आला. त्याचा विश्वास बसेना, म्हणून आम्ही मोजून बघितलं. ब्रेक दाबून ॲक्सिलरेटर दाबला तर मागची चाकंच गोल फिरायला लागली, ब्रेकला आवरेनात. त्या पद्धतीने काही कळत नाही, आणि काही सेकंदांपेक्षा जास्त तसं करूही नये, कारण इंजिनाची सगळी ताकद त्या वेळी तेल उकळण्यात जाते. मग मोकळ्या जागी जवळजवळ उभ्या गाडीतून एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर दिला आणि काटा झटक्यात कुठे पोचतो ते मी शेजारी बसून पाहिलं. याला फ्लॅश स्टॉल म्हणतात. काटा बत्तीसशेच्या जरासा अलीकडे. त्या झटक्यात माझा चष्मा मागच्या सीटवर गेला, पण आकडा मी आधी वाचला होता.

म्हणजे पैसे मोजले अडतीसशेचे, मिळाले बत्तीसशे. बरं, एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण पकड ढिली ती ढिलीच, आणि तिचा खर्च रोज रस्त्यावर. त्याच्या मागच्या धुरीचा गियर ३.०८ चा, टायर २६ इंची. ताशी मैल गुणिले गियर गुणिले ३३६, भागिले टायरचे इंच, असा तिकडे हिशेब आहे. ताशी ६० मैलांना इंजिनाच्या फेऱ्या व्हायला हव्यात २३८८. प्रत्यक्षात काटा २७०० वर. मधल्या तीनशे फेऱ्या गेल्या कुठे? तेल घुसळण्यात. शंभर रुपये इंजिनाने पाठवले तर साडेअकरा रुपये मध्येच दलाली. माझ्या अंदाजाने सपाट रस्त्यावर निवांत चालतानाही न्हाणीघरातल्या गिझरएवढी उष्णता त्या डब्यात तयार होत होती, आणि चढ, गर्दी, सिग्नल आला की विचारायलाच नको. हल्लीच्या गाड्यांत वेग धरला की आतला एक क्लच दोन्ही पंख्यांना घट्ट जोडून टाकतो, त्याला लॉक-अप म्हणतात; तो असेल तर हमरस्त्यावर बरंच माफ असतं. मेहुण्याच्या जुन्या गियरबॉक्सला तो नाही. ऑइल कूलर मोठा लावला तर उष्णता बाहेर पडते खरी, पण तोही त्याने लावला नव्हता. कूलरला आकडा नसतो ना!

"पण स्ट्रिपवर तीन दशांश सेकंद वाचले, भाऊजी. आधी १४.६ लागायचे, आता १४.३."

वाचले. नाकारत नाही. पाव मैलात तीन दशांश म्हणजे दोन-तीन गाड्यांच्या लांबीचा फरक, त्या नादातल्या माणसाला तो केवढा मोठा हे मला तिथे एका रात्री उभं राहून कळलं. दिवे हिरवे झाल्यावर त्याची गाडी जी सुटली, त्यासरशी मीसुद्धा ओरडलो. काय ओरडलो ते हिने कोणाला सांगू नये असं ठरलं आहे. पण मी कागद काढला. हंगामात आठ रात्री, रात्रीला पाच धावा, धावेला चौदा सेकंद. चाळीस चौदं पाचशे साठ. वर्षाला नऊ मिनिटं वीस सेकंद. आणि ऑफिसला जाण्यायेण्यात रोज तास-सव्वा तास, वर्षाचे अडीचशे दिवस, वर दूध-भाजी. नऊ मिनिटांच्या सोयीसाठी तीनशे तासांचं तेल तापवायचं, आणि वर गाडीला नाव द्यायचं 'स्ट्रीट अँड स्ट्रिप', त्यात स्ट्रीट पहिला!

यावर त्या मंडळींचं ठेवणीतलं उत्तर असतं: "पुढे मोठा कॅम टाकणार आहे, म्हणून आत्ताच मोठा कन्व्हर्टर घेऊन ठेवला." हे मी बँकेत रोज ऐकतो. पुढे पगार वाढणार आहे, म्हणून आत्ताच मोठा फ्लॅट घेऊन ठेवला. वाल्व किती आणि केव्हा उघडायचे ते ठरवणारा दांडा म्हणजे कॅम. इंजिनाचा जोर कुठल्या फेऱ्यांपासून सुरू होणार, हे तो ठरवतो. मेहुण्याचा कॅम सौम्य, सोळाशेपासून ओढायला लागणारा. त्याला बावीसशे ते सव्वीसशेचा स्टॉल, तोही त्याच्या स्वतःच्या टॉर्कवर मोजलेला, भरपूर झाला असता. मागचा गियर ३.७३ केला असता तर हिशेब आणखी जमला असता. ताशी ६० मैलांना फेऱ्या गेल्या असत्या २९०० च्या आसपास, म्हणजे स्टॉलच्या वर, आणि तेल थंड.

आता कोणी म्हणेल, मग कमीत कमी स्टॉल बरा. मुळीच नाही! मेहुण्याचा शेजारी त्या पंथाचा. इंजिनात भला मोठा कॅम, आणि कन्व्हर्टर कारखान्यातला, घट्ट. प्रत्येक सिग्नलला गाडी गियरमध्ये धडधडत पुढे रेटते, हा दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा, आणि पाचातल्या दोन वेळा इंजिन बंद. हिरवा दिवा लागला की हा मेलेल्या गाडीत, आणि मागे हॉर्नचा बँड. एकाने आकड्याच्या लोभाने खाल्ली, दुसऱ्याने कंजुषीने. मला दोघेही खातेदार म्हणून चालतील, जामीनदार म्हणून नकोत.

खरं तर कन्व्हर्टर सगळ्यात शेवटी घ्यायची गोष्ट. आधी गाडीचं वजन, मागचा गियर, टायर, कॅम, इंजिनाचा टॉर्क, आणि ती गाडी रोज कोण चालवणार, हे सगळं ठरलं की स्टॉलचा आकडा आपोआप निघतो, वजाबाकी केल्यावर शिल्लक निघते तसा. ही मंडळी शिल्लक आधी लिहितात आणि मग जमाखर्च त्याला जुळवत बसतात. आमच्याकडे अशा माणसाला निलंबित करतात.

तिकडे कन्व्हर्टर मागणीप्रमाणे बांधून देणारे कारागीर आहेत. ते आकडा विचारत नाहीत, फॉर्म देतात, आणि त्यात प्रश्नांची रांग असते. आमच्या कर्जाच्या फॉर्मची आठवण येऊन मला गलबलून आलं. काहीही न विचारता कर्ज देणाऱ्याला जसं भ्यावं, तसं काहीही न विचारता कन्व्हर्टर विकणाऱ्याला भ्यावं. पण फॉर्म आला की खोटं आलंच. आपल्याकडे लोक कर भरताना उत्पन्न कमी दाखवतात, हे लोक टॉर्क जास्त दाखवतात. आणि गंमत म्हणजे त्याची शिक्षा लगेच मिळते: तुम्ही ४५० लिहिलंत, तर कारागीर ४५० ला पुरेल एवढी घट्ट पकड ठेवतो, इंजिन असतं ३२० चं, आणि मागितलेल्या तीन हजारांचे पंचवीसशे होतात. मग गुरुवारी बसून कारागिराला शिव्या!

आम्ही निघायच्या आदल्या रात्री मेहुण्याने तसा एक फॉर्म आणला. हिने मला खुणावलं, "आता त्याला अक्कल शिकवू नका, माझा भाऊ आहे तो." मी तोंडात बडीशेप धरून बसलो. त्याने वजन लिहिलं, टायर लिहिले, कॅमचा कागद शोधून आणून आकडे उतरवले. टॉर्कच्या रकान्यात ४०० लिहिलं, माझ्याकडे पाहिलं, खोडलं आणि ३२० केलं. मी बडीशेप चावत राहिलो.

शेवटचा रकाना होता वापराचा: रस्ता किती टक्के, स्ट्रिप किती टक्के. त्याचं पेन बराच वेळ हवेत थांबलं. साठ-चाळीस लिहावं की सत्तर-तीस, असा काहीतरी विचार चालला असावा. तेवढ्यात त्याची बायको ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून आली, पेन त्याच्या हातातून घेतलं, '९९' लिहिलं, पुढच्या घरात '१' लिहिला, आणि खाली सहीसुद्धा तिनेच केली.